परदेशातून परत येणारा माल कस्टममधून कसा सोडवावा

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छ्याला किंवा होनग्याच्या औद्योगिक वसाहतीत निर्यात कशी करावी हे सांगणारी माणसे आता पुष्कळ भेटतात. पण पाठवलेला माल ग्राहकाने नाकारला आणि तो परत आणायची वेळ आली की अनुभवी कारखानदारही गडबडतो. आपलाच माल आहे, आपल्याच भट्टीतून निघाला आहे, त्यावर पुन्हा शुल्क कशाचे, असा त्याचा साधा प्रश्न असतो. कायद्याचे उत्तर मात्र वेगळे आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २० नुसार, भारतातून निर्यात झालेला माल पुन्हा आयात झाला, तर तशाच जातीच्या आणि तेवढ्याच मूल्याच्या परदेशी मालावर जे शुल्क व ज्या अटी लागू होतात, त्या सर्व त्यालाही लागू होतात. म्हणजे माल देशाबाहेर गेला की कस्टमच्या लेखी त्याचे भारतीयपण संपते आणि परत येताना ते आपल्याला कागदांनी व मालावरील खुणांनी सिद्ध करावे लागते.

हे सिद्ध करता आले, तर सवलत मिळते. जीएसटी लागू होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३० जून २०१७ रोजी निघालेल्या ४५/२०१७ या सीमाशुल्क अधिसूचनेने ही सवलत घालून दिली. तिचे तत्त्व न्याय्य आहे: निर्यात करताना सरकारकडून जे जे घेतले किंवा जे भरायचे टाळले, तेवढे परत करा आणि माल घेऊन जा. ड्रॉबॅक, म्हणजे निर्यातमालात वापरलेल्या मालावरील शुल्काचा परतावा, घेतला असेल तर तो परत करायचा, एकात्मिक कराचा म्हणजे आयजीएसटीचा परतावा घेतला असेल तर तो परत करायचा, आणि एलयूटीवर, म्हणजे सरकारला दिलेल्या हमीपत्रावर, कर न भरता माल पाठवला असेल तर तो न भरलेला कर आता भरायचा. यांपैकी काहीच घेतले नसेल, तर माल शुल्काविना सुटू शकतो. अधिसूचनांचे एकत्रीकरण व क्रमांक मधूनमधून बदलत असतात, त्यामुळे बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातीच्या घोषणापत्रात, क्रमांक घालण्यापूर्वी त्या दिवशी चालू असलेला क्रमांक व अनुक्रमांक आपल्या सीएचएकडून (कस्टमचे काम पाहणाऱ्या एजंटाकडून) लेखी मागून घ्यावा. चुकीचा क्रमांक घातला की सवलत अडकते.

मुदतही लक्षात ठेवावी. २०१७ च्या मूळ अधिसूचनेनुसार सर्वसाधारण निर्यातीचा माल ३ वर्षांच्या आत परत यावा लागे आणि आयुक्त ही मुदत आणखी २ वर्षांपर्यंत वाढवू शकत. ॲडव्हान्स ऑथरायझेशन किंवा ईपीसीजी यांसारख्या (निर्यातीच्या अटीवर कच्चा माल किंवा यंत्रे शुल्कसवलतीने आणण्याच्या) योजनांखाली निर्यात झाली असेल, तर तीत मुदत १ वर्षाची होती आणि ती आणखी १ वर्ष वाढवता येत असे. अशा मालाची निर्यात त्या योजनेच्या हिशेबातून वजा करून घ्यावी लागते आणि कारखाना ज्यांच्या हद्दीत येतो त्या सहायक किंवा उपायुक्तांना माल परत येत असल्याचे कळवून तारखेसह पोच घ्यावी लागते. शंभर टक्के निर्यातलक्षी युनिटांनी (ईओयू) पाठवलेला माल या सवलतीत येत नाही. हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रातील युनिटांची प्रक्रिया २००५ चा एसईझेड कायदा व २००६ चे नियम यांखाली चालते, म्हणून त्यांनी पुढील मजकूर आपल्याला जसाच्या तसा लागू धरू नये.

आधी हिशेब, मग निर्णय

माल परत आणावा की नाही, हा प्रश्न पहिला आणि तो रागाच्या भरात सोडवू नये. कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, हा वजनदार आणि किलोमागे स्वस्त माल असतो. परतीचे जहाजभाडे, बंदरावरचा खर्च, सीएचएची फी आणि न्हावा शेव्याहून बेळगावपर्यंतचे ट्रकभाडे जोडले, तर कित्येकदा नाकारलेल्या मालाच्या किमतीपेक्षा खर्चच जास्त होतो. तेव्हा तो ग्राहकाकडेच मोडीत काढू देणे आणि त्याची डेबिट नोट (किंमत वजा केल्याची चिठ्ठी) मान्य करणे स्वस्त पडते. मात्र त्यातही एक अडचण आहे. माल परत आला नाही आणि पैसेही आले नाहीत, तर निर्यातीच्या पैशांचा माग ठेवणाऱ्या बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत ते शिपिंग बिल (निर्यातीचे घोषणापत्र) उघडे राहते आणि निर्यातीची रक्कम वसूल न झाल्यामुळे त्यावरचा ड्रॉबॅक परत करावा लागतो. त्यामुळे मोडीत काढायला होकार देण्यापूर्वी आपल्या बँकेशी बोलून ती रक्कम कोणत्या नियमाखाली कमी करता येईल हे ठरवून घ्यावे.

परत आणायचे ठरले, तर एका उदाहरणावरून हिशेब समजून घेऊ. समजा, नाकारलेल्या कास्टिंगचे मूल्य ₹१,००,००० आहे, आणि सोयीसाठी निर्यातीचे व परतीचे मूल्य एकच धरू. मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के व आयजीएसटी १८ टक्के धरला, तर सवलत नसताना मूळ शुल्क ₹७,५००, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ₹७५० आणि या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी ₹१९,४८५, असे एकूण ₹२७,७३५ भरावे लागतील. सवलत मिळाली आणि माल एलयूटीवर गेला असेल, तर आयजीएसटी ₹१८,०००, घेतलेला ड्रॉबॅक समजा ₹१,५०० आणि रोडटेपचे (निर्यातमालावरील इतर करांच्या परताव्याच्या योजनेचे) श्रेय समजा ₹८००, असे एकूण ₹२०,३०० होतील. वरवर पाहता फरक फार मोठा दिसत नाही; पण आयजीएसटीचे श्रेय आपल्याला जीएसटीच्या खात्यात मिळते, तर मूळ शुल्क व अधिभार कायमचे जातात. खिशातून खरोखर जाणारी रक्कम पहिल्या बाबतीत ₹८,२५० आणि दुसऱ्या बाबतीत ₹२,३०० आहे. म्हणून सवलतीसाठी धडपड करावीच. परंतु 'आपलाच माल आहे, काही भरावे लागणार नाही' असे मालकाला सांगून बसू नये, कारण आयजीएसटीची रक्कम बंदरावर आधी रोख भरावी लागते आणि तिची तरतूद नसल्याने माल पडून राहिलेला मी पाहिला आहे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या भागातील बऱ्याच लहान फाउंड्र्या (ओतशाळा) कोल्हापूरच्या किंवा मुंबईच्या व्यापारी निर्यातदारामार्फत माल पाठवतात. शिपिंग बिल त्याच्या आयईसीवर (आयात-निर्यात क्रमांकावर) असते, ड्रॉबॅक त्याने घेतलेला असतो आणि परतीच्या आयजीएसटीचे श्रेयही त्याच्याच नोंदणीवर जायला हवे. असा माल त्याच्याच नावाने परत आणणे श्रेयस्कर. 'तुमचाच माल, तुम्हीच सोडवा' असे तो म्हणू लागला, तर कोणते फायदे त्याने घेतले होते आणि ते कोण परत करणार, हे लेखी ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खरी लढाई ओळख पटवण्याची

कस्टमच्या उपायुक्तांची खात्री पटावी लागते ती एकाच गोष्टीची: आलेला माल हा गेलेलाच माल आहे. कारखान्यातच भरून स्वतः ई-सील लावलेला कंटेनर निर्यातीच्या वेळी बंदरावर सहसा उघडला जात नाही. तो सोयीचा असतो, पण त्याचा अर्थ असा की जाताना तो माल सरकारी माणसाने डोळ्यांनी पाहिलेलाच नसतो. परत आल्यावर ताडून पाहायला त्यांच्याकडे आपल्या पॅकिंग लिस्टखेरीज काही नसते. त्या यादीत नुसते 'सीआय कास्टिंग, २४० नग' एवढेच लिहिले असेल, तर जगातल्या कुठल्याही फाउंड्रीचे २४० नग त्या ओळीत बसतील.

कास्टिंगच्या धंद्यात यावर उत्तर आपल्या हातातच असते. पॅटर्नवरच पार्ट नंबर व फाउंड्रीची खूण असते, आणि प्रत्येक ओतणीचा हीट नंबर नगावर उमटवलेला असतो. तो हीट नंबर कोणत्या पेटीत कोणता, हे पॅकिंग लिस्टमध्ये लिहून तीच यादी शिपिंग बिलाबरोबर कस्टमच्या ई-संचित या कागदपत्रांच्या प्रणालीवर चढवावी. पेट्या बंद करण्यापूर्वी खुणा दिसतील असे फोटो काढून इनव्हॉइस क्रमांकाच्या नावाने जपून ठेवावेत. हे काम निर्यातीच्या दिवशी अर्ध्या तासाचे आहे; परतीच्या दिवशी मात्र त्याला पर्याय राहत नाही.

आमच्या फाउंड्रीचे पंप हाउसिंग एकदा ब्लोहोलमुळे, म्हणजे ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळ्यांमुळे, परत आले. ग्राहकाच्या गोदामात ते चार महिने उघड्यावर पडले होते. तपासणीसाठी पेटी उघडली तेव्हा नगांवर तांबूस गंजाचा इतका जाड थर होता की हीट नंबर असायला हवा त्या जागेवर बोट फिरवले तरी काही लागत नव्हते. सीएचएचा मुलगा नवखा होता; त्याने अधिकाऱ्यांना 'नंबर दिसत नाहीत' असे सरळ सांगून टाकले. सुदैवाने आमचे क्वालिटीचे जुने मेस्त्री बरोबर होते. त्यांनी पिशवीतून तारेचा ब्रश काढला, फ्लँजच्या मागची बाजू घासली, टॉर्च आडवा धरला, आणि तिरप्या उजेडात चार अंक व एक अक्षर स्पष्ट उठून आले. अंकांवर खडू घासल्यावर ते वाचायला चष्माही लागला नाही. प्रत्येक पेटीतले दोन-दोन नग असे घासून यादीशी ताडले. ११ नग मात्र आमच्या त्या शिपिंग बिलातले नव्हतेच. ग्राहकाच्या गोदामात आमचाच जुना लॉट त्यात मिसळला गेला होता. त्यांचे वेगळे शिपिंग बिल शोधून जोडावे लागले आणि त्या ११ नगांसाठी सगळा माल आठवडाभर थांबला. तेव्हापासून परतीची पेटी भरण्यापूर्वी ग्राहकाकडून हीट नंबरनिहाय यादी व फोटो आल्याशिवाय आम्ही होकार देत नाही.

अधिसूचनेतील एक अट ओतकामाच्या व्यवसायाला थेट लागू होते, म्हणून ती येथे मुद्दाम सांगतो. परदेशात वितळवून, पुनर्चक्रण करून किंवा पुन्हा ओतून आलेला माल 'तोच माल' मानला जात नाही. नाकारलेली कास्टिंग ग्राहकाने वितळवली आणि इंगट (धातूच्या लाद्या) करून पाठवली, तर ती साधी आयातच होय.

परदेशातून निघतानाचे कागद

परतीच्या प्रवासातील निम्म्या चुका तिकडच्या माणसाने लिहिलेल्या एका शब्दातून होतात. मालाचे वर्णन निर्यात इनव्हॉइसमध्ये जसे आहे तसेच परतीच्या इनव्हॉइसमध्ये, पॅकिंग लिस्टमध्ये व बिल ऑफ लेडिंगमध्ये (जहाज कंपनीच्या मालपावतीत) असले पाहिजे, आणि त्यापुढे 'गुणवत्तेच्या कारणाने नाकारलेला भारतीय माल, मूळ निर्यातदाराकडे परत' असा उल्लेख असावा. एका ग्राहकाच्या फॉरवर्डरने (मालवाहतूक एजंटाने) आमच्या मालाला 'स्क्रॅप कास्टिंग' असे लिहून टाकले. धातूच्या भंगाराच्या आयातीचे नियम वेगळे आहेत आणि त्यासाठी जहाजात चढवण्यापूर्वीच्या तपासणीचे प्रमाणपत्र मागितले जाते. आमच्याकडे ते असण्याचे कारणच नव्हते. वर्णन दुरुस्त करून घेण्यात १९ दिवस गेले आणि कंटेनरचे डिटेन्शन, म्हणजे तो अडवून ठेवल्याचे भाडे, मालाच्या किमतीच्या जवळ पोहोचले. तेव्हा बिल ऑफ लेडिंगचा मसुदा स्वतः वाचावा, सीएचएला वाचायला लावावा, आणि मगच जहाज सुटू द्यावे.

मूल्याच्या जागी शून्य लिहू नये, किंवा शोभेपुरता १ डॉलरही लिहू नये. मूळ इनव्हॉइसमधील दरानेच मूल्य दाखवून 'केवळ सीमाशुल्कासाठी' असा शेरा द्यावा. उत्पत्तीचा देश भारत असेच लिहावे. लाकडी पॅलेट व पेट्यांवर आयएसपीएम-१५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का असावा. आपण पाठवलेले शिक्क्याचे पॅलेट तिकडे मोडून ग्राहकाने साध्या लाकडाच्या पेटीत माल भरलेला असतो आणि मग प्लँट क्वारंटाइनचा प्रश्न उभा राहतो.

आपल्या बाजूने मूळ शिपिंग बिल, निर्यातीचे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट व बिल ऑफ लेडिंग, ग्राहकाचे नाकारल्याचे पत्र किंवा तपासणी अहवाल, त्या वर्षाच्या एलयूटीची प्रत, आणि ड्रॉबॅक, रोडटेप व जीएसटी परतावा यांपैकी काय घेतले व काय नाही याचे सहीनिशी निवेदन तयार असावे. मालाचा काही भागच परत येत असेल, तर त्या प्रमाणात परत करायच्या रकमांचा तक्ता सीएच्या सहीने जोडावा. तो जोडलेला असला की अधिकाऱ्यांचे निम्मे प्रश्न विचारण्याआधीच सुटतात.

बंदरावर

बेळगावहून मुरगाव बंदर जवळ असले, तरी आपला बहुतेक कंटेनर माल न्हावा शेव्यालाच जातो व तिथूनच परत येतो. ज्या बंदरातून माल गेला त्याच बंदरात तो परत आणणे कायद्याने बंधनकारक नाही, पण जुने कागद तिथेच असल्याने चौकशी सोपी जाते. बिल ऑफ एंट्री जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलेले असावे. उशीर झाला, तर पहिल्या ३ दिवसांसाठी दररोज ₹५,००० आणि पुढे दररोज ₹१०,००० शुल्क लागते. आपली एक-दोन पेट्यांची खेप असेल, तर हा दंडच मालाला गिळून टाकतो. ३० दिवसांत माल सोडवला नाही, तर कलम ४८ खाली तो विकण्याची कारवाई होऊ शकते. कागद अपुरे असतील आणि वेळ लागणार असे दिसत असेल, तर कलम ४९ खाली माल गोदामात ठेवण्याची परवानगी मागावी.

परतीच्या मालासाठी 'फर्स्ट चेक' मागणे मला योग्य वाटते. म्हणजे आधी तपासणी, मग मूल्यांकन. ओळख पटल्याचा तपासणी अहवाल हातात आला की सवलतीवर वाद घालायला जागा उरत नाही. सीएफएसमधील, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामातील, त्या तपासणीला कारखान्यातील माल ओळखणारा माणूस पाठवावाच. बेळगावहून रात्रीची बस पकडून तो सकाळी पोहोचतो. तारेचा ब्रश, टॉर्च, खडू आणि हीट नंबरची यादी त्याच्या पिशवीत असावी.

दुरुस्तीसाठी येणारा आणि जाणारा माल

माल दुरुस्त करून पुन्हा त्याच ग्राहकाला पाठवायचा असेल, तर वाट वेगळी आहे. १४ नोव्हेंबर १९९५ च्या १५८/९५ या अधिसूचनेने भारतीय बनावटीचा माल दुरुस्तीसाठी शुल्काविना आणण्याची सोय केली. निर्यातीपासून ३ वर्षांत माल आणायचा, बाँड (बंधपत्र) द्यायचा आणि आल्यापासून ६ महिन्यांत, किंवा आयुक्तांनी वाढवून दिलेल्या आणखी ६ महिन्यांत, तो पुन्हा पाठवायचा. यात घेतलेले लाभ परत करावे लागत नाहीत, हा मोठा फायदा. पण माल दुरुस्त होण्यासारखा आहे की नाही याची आधी क्वालिटीकडून खात्री करून घ्यावी. वेल्डिंग करून भागणार नाही असे नंतर कळले, तर बाँडवर शुल्क भरायची वेळ येते.

याउलट आपल्या सीएनसी यंत्राचा स्पिंडल जर्मनीला किंवा जपानला दुरुस्तीला पाठवला असेल, तर परत येताना दुरुस्तीचा खर्च, लागलेले सुटे भाग आणि दोन्ही बाजूंचे भाडे व विमा यांच्यावरच शुल्क लागते. त्या रकमेवर आयजीएसटीही द्यावा लागतो, हे २०२१ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. पाठवतानाच शिपिंग बिलावर 'दुरुस्त करून परत' असे लिहावे, अनुक्रमांक नोंदवावा, आणि मधल्या काळात मालकी बदलू देऊ नये.

 अथणी, निपाणीकडचे कोल्हापुरी चपलांचे कारागीर परदेशी प्रदर्शनांना जातात तेव्हा न विकलेला माल परत आणण्यासाठी फिक्की या उद्योगसंघटनेकडून मिळणारे एटीए कार्नेट (माल तात्पुरता नेण्या-आणण्याचे कागदपत्र) ही त्यांची सोय आहे. ते जास्तीत जास्त १ वर्ष चालते. गूळ किंवा इतर खाद्यपदार्थ नाकारले जाऊन परत आले, तर कस्टमखेरीज एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मंजुरीही लागते.

बंदर सोडल्यानंतर

माल सुटला की काम संपले असे समजू नये. बंदरापासून सीएफएसपर्यंतच्या वाहतुकीला ई-वे बिल लागत नाही, पण सीएफएसमधून कारखान्याकडे निघताना ₹५०,००० वरील मालाला ते लागते, आणि ते बिल ऑफ एंट्रीच्या आधारे आपणच काढायचे असते. दर २०० किलोमीटरला १ दिवस या हिशेबाने न्हावा शेवा ते बेळगाव या सुमारे ५०० किलोमीटरच्या प्रवासाला ३ दिवसांची मुदत मिळते. पुणे, सातारा, कोल्हापूर ओलांडून गाडी कागलहून कोगनोळीला येते, तिथे राज्य बदलते, आणि तपासणी झालीच तर बिल ऑफ एंट्रीची प्रत ड्रायव्हरकडे हवी. मोबाइलमधला फोटो पुरेसा समजू नये. छापील प्रत द्यावी.

त्यानंतर बँक. पैसे आलेले नसतील, तर बिल ऑफ एंट्री व परतीचे कागद देऊन ते शिपिंग बिल ईडीपीएमएसमध्ये बंद करून घ्यावे. पैसे आले असतील आणि ग्राहकाला परत पाठवायचे असतील, तर निर्यातीचे लाभ परत केल्याचा पुरावा बँक मागते. कस्टमला भरलेल्या रकमेचे चलन इथेच कामी येते. जीएसटीत क्रेडिट नोट (विक्री कमी केल्याची चिठ्ठी) जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणात दाखवावी, आणि आयात केलेल्या मालाचा आयजीएसटी जीएसटीआर-२बी या मिळणाऱ्या श्रेयाच्या विवरणात दिसेपर्यंत दर महिन्याला पाहत राहावे. तो दिसला नाही, तर बिल ऑफ एंट्रीतला जीएसटी क्रमांक चुकलेला असतो; कर्नाटकाच्या २९ ऐवजी महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणारा मुंबईचा क्रमांक पडल्याचे एकदा आमच्या बाबतीत घडले होते.

नाकारलेली कास्टिंग कारखान्यात उतरल्यावर लगेच भट्टीत टाकण्याचा मोह होतो, कारण जागा अडते आणि कच्चा माल महाग आहे. बँकेत शिपिंग बिल बंद होईपर्यंत थांबावे. वितळवण्यापूर्वी प्रत्येक हीटचा एक नग बाजूला ठेवावा, बाकीच्यांचे वजन स्टॉक रजिस्टरमध्ये वेगळ्या ओळीत नोंदवावे, आणि शिपिंग बिल, बिल ऑफ एंट्री व तपासणी अहवाल एकाच फाइलमध्ये लावून ती फाइल सीमाशुल्काच्या लेखापरीक्षणासाठी ५ वर्षे सांभाळावी.